नाक एकाचं, रक्त दुसऱ्याचं

आवाजाचा त्रास आपल्या शहरात कोणाला नाही? इथल्या द्वारका चौकात घटकाभर उभे राहा, डोकं भणभणून जातं. वरात निघते आणि खिडक्यांची तावदानं थरथरतात. प्रचाराच्या रिक्षा फिरतात आणि पाळण्यातली मुलं दचकून उठतात. आपण वैतागतो, चरफडतो आणि गप्प बसतो. पण एखादा गरीब फुटपाथवर बसून काही वाजवू लागला, की आपल्याला एकदम नियम आठवतात! मोठ्या आवाजाला वाट करून द्यायची आणि लहान माणसाला हाकलून लावायचं, ही आपली सगळ्यांचीच खोड. हर्षाली भोयेने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि तिच्या डोक्यात सूड शिरला.

हर्षाली कोर्टासमोरच्या गल्लीत ॲडव्होकेट ज्योत्स्ना निकम यांच्या ऑफिसात टायपिंगचं काम करायची. तिचे वडील पुंजा भोये सुरगाण्याकडचे. घरची थोडी भात-नागली, आणि पाऊस सरला की द्राक्षबागांमध्ये मजुरी, असं त्यांचं आयुष्य गेलं. पुढे गुडघे कामातून गेले, पाठोपाठ बायकोही गेली, तेव्हा लेकीने त्यांना पेठ रोडवरच्या आपल्या खोलीवर आणलं. येताना त्यांनी दोन सदरे आणले आणि फडक्यात गुंडाळलेली पावरी आणली. भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग, असं ते वाद्य. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पुंजाची पावरी घुमू लागली की म्हातारी माणसंही काठी टाकून नाचायला उठत, असं गावाकडे सांगायचे.

पण शहरातल्या खोलीत पावरी वाजवायची कुठे? भिंतीला भिंत लागलेली. पुंजा दिवसभर खाटेवर बसून असायचे. शेवटी एकदा ते संध्याकाळच्या वेळी गंगापूर रोडला गेले, एका मोठ्या झाडाखाली फुटपाथवर बसले आणि त्यांनी पावरी तोंडाला लावली. येणारेजाणारे थांबले. फिरायला निघालेल्या बायका थांबल्या. कोणी समोरच्या फडक्यावर काही ठेवलं, कोणी नुसतीच मान डोलावली. त्या दिवशी हर्षाली त्यांना स्कूटीवरून घ्यायला गेली तर म्हातारा हसत होता. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच हसले होते. मग तो रिवाजच पडला. ऊन कललं की पुंजा जायचे, दिवेलागणीला हर्षाली त्यांना घेऊन यायची.

त्या झाडासमोर रजनीगंधा नावाची सोसायटी होती. तिचे चेअरमन शेखर देवरे सिमेंटचे व्यापारी. गळ्यात जाड साखळी, बोलणं वरच्या पट्टीत. त्यांना पावरी खटकू लागली. खरं तर आवाज खटकला की फुटपाथवर बसलेला माणूस खटकला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. एके दिवशी सोसायटीच्या भिंतीवर पाटी लागली, ‘शांतता क्षेत्र. वाद्ये वाजवण्यास सक्त मनाई.’ पुंजांना वाचता येत नव्हतं. हर्षालीने ती पाटी पाहिली नाही.

त्यानंतरची संध्याकाळ. हर्षाली स्कूटी लावत होती, तोच तिला शेखररावांचा आवाज ऐकू आला.

“ए म्हाताऱ्या, पाटी दिसत नाही का? हे बघ!” त्यांनी मोबाईल पुंजांच्या नाकासमोर नाचवला. आवाज मोजायचं ॲप होतं त्यात. “हे बघ, किती डेसिबल! गुन्हा आहे गुन्हा! आत टाकीन.”

“साहेब, एवढं गाणं होऊ द्या, मंग जातोच,” पुंजा हात जोडून म्हणाले.

“गाणं? ह्याला गाणं म्हणतात?” शेखररावांनी त्यांच्या हातातली पावरी हिसकावली आणि रस्त्यावर आपटली.

भोपळा फुटला. नळ्या निखळून गटाराच्या जाळीपर्यंत घरंगळत गेल्या. जमलेल्यांपैकी एक जण फिसकन हसला, एक बाई “अगं बाई!” म्हणाली आणि तशीच पुढे चालू लागली. कोणीही मध्ये पडलं नाही. शेखरराव फाटकातून आत गेले.

हर्षाली धावली तोवर पुंजा गुडघ्यांवर रांगत तुकडे गोळा करत होते. ते रडले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. त्यांनी एकेक तुकडा फुंकून फडक्यात ठेवला आणि फडक्याला गाठ मारली.

“बाबा, चला, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ.”

“नाय. आपलं नाव नको कुठं कागदावर. चल घरी.”

तिने पुष्कळ सांगून पाहिलं. म्हातारा ऐकेना. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा खाटेवर बसले, तोंड भिंतीकडे करून. भाकरी समोर ठेवली तर अर्धी खायची, विचारलं तर हं म्हणायचं. पावरीचं फडकं खाटेखाली सरकवून ठेवलेलं. हर्षाली ते रोज पाहायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बापाने गिळलेला राग लेकीच्या पोटात उतरला होता. ऑफिसात टाईप करताना तिच्या डोळ्यांसमोर तीच साखळी, तोच नाचवलेला मोबाईल. तिने ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचून काढले. आजवर दुसऱ्यांच्या अर्जांत ती हे शब्द टाईप करायची, आता स्वतःसाठी वाचू लागली. वाचता वाचता तिला कळलं, की शांतता क्षेत्र असं कोणी उठून भिंतीवर रंगवायचं नसतं. शाळा, दवाखाना, कोर्ट अशा जागांभोवती ते असतं, आणि ते सरकारने ठरवायचं असतं. रजनीगंधाच्या आसपास यातलं काहीच नव्हतं. पाटी खोटी होती!

“खोटी पाटी लावून माझ्या बापाला गुन्हेगार ठरवलं,” ती ज्योत्स्नाताईंना म्हणाली. “आता बघा मी काय करते. ज्या कायद्याची काठी त्याने उगारली, त्याच काठीने त्याची पाठ सोलते.”

ज्योत्स्नाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पन्नाशी उलटलेली ही बाई कोर्टात कडक, पण ऑफिसात मवाळ होती.

“पाठ सोलायचीच तर सरळ सोल. पावरी फोडली, ही तक्रार दे. दुसऱ्याची वस्तू फोडणं हा गुन्हा आहे. मी उभी राहते तुझ्याबरोबर.”

“बाबा तयार नाहीत. आणि त्याने होईल काय? तारखा पडतील. मला तो चार लोकांत तोंड लपवताना बघायचाय, ताई. पुढच्या आठवड्यात त्याच्या मुलाची, राजची, हळद आहे. सोसायटीच्या आवारात बेंजो पार्टी बोलावलीय, भिंतीएवढे स्पीकर लावणारेत. तिथल्या वॉचमनने सांगितलं, परवानगी वगैरे काही काढलेली नाही. भर हळदीत पोलीस आणते.”

“आण. बिनपरवाना स्पीकर लावले तर तक्रार करायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण एक सांगू? तक्रार आवाजाची असेल तर आवाज सुरू झाल्याबरोबर कर. त्याची फजिती पाहायची म्हणून वेळ साधत बसू नकोस.”

“का? माझ्या बाबांची फजिती झाली तेव्हा त्याने वेळ नव्हती साधली? संध्याकाळी, सगळी माणसं फिरायला आलेली असताना?”

“साधली. म्हणूनच तो तसा आहे. तू तशी नाहीस असं मी समजत होते.”

हे बोलणं हर्षालीला झोंबलं. पण माणूस सुडाला पेटला की शहाण्याचे शब्द पालथ्या घड्यावर पाण्यासारखे वाहून जातात. तिने मनात म्हटलं, ताईंचा बाप कुठे रस्त्यावर रांगत होता!

हळदीचा दिवस उजाडला. हर्षालीने ऑफिसातून लवकर सुट्टी घेतली आणि ती रस्त्यापलीकडच्या रसवंतीत जाऊन बसली. आवारात मांडव घातलेला, झेंडूच्या माळा, पिवळ्या साड्या नेसलेल्या बायका. एका बाजूला बेंजो पार्टी. बेंजोवर एक सडपातळ माणूस, कीबोर्डवर एक पोरगेला कलाकार, ताशावर दोघे आणि माईकसमोर हिरव्या साडीतली एक बाई. बाईचा आवाज मोठा गोड होता. पण स्पीकर असे काही दणाणत होते, की त्या गोडव्याचाही मार लागावा! रसवंतीतले ग्लास टेबलावर आपोआप सरकत होते.

हर्षालीने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. बेंजोवाला शेखररावांना हाताने काहीतरी खुणावत होता. त्याने आवाज जरा उतरवलाही. त्याबरोबर शेखरराव तरातरा स्टेजपाशी आले आणि ओरडले, “उतरवतो काय? वाढव! माझ्या पोराची हळद आहे, तेरावं नाही! वाढव म्हणतो ना!” आवाज पुन्हा चढला.

हर्षालीने तेव्हाच फोन करायला हवा होता. तिने केला नाही. ती थांबली. पाहुण्यांच्या गाड्या येऊ देत, फोटोवाला येऊ दे, नवरदेव पाटावर बसू दे. शेखरराव पाहुण्यांच्या गराड्यात, डोक्यावर फेटा बांधून नाचायला उतरले, तेव्हा तिने पोलिसांना फोन लावला.

पोलीस आले. त्यांनी गाणं थांबवायला सांगितलं, स्पीकरची परवानगी मागितली. शेखररावांचे हात वरच्या वर राहिले. “परवानगी कसली? घरचं कार्य आहे साहेब!” मांडवातली कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागली. व्याही मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. पाहुण्यांचे मोबाईल वर झाले.

हर्षाली रस्ता ओलांडून फाटकात जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काका, हे शांतता क्षेत्र आहे ना? पाटी दिसत नाही का?”

शेखररावांनी तिला ओळखलं. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. फेट्याचा शेमला हातात धरून ते नुसते उभे राहिले. अहाहा! याच क्षणासाठी हर्षालीने जीव टांगून ठेवला होता. आपला बाप जितका खाली वाकला होता, तितकाच हा आज वाकला, असं तिला वाटलं आणि तिच्या छातीत थंडावा पसरला.

पण तो थंडावा फार टिकला नाही.

“ही सिस्टिम कोणाची?” पोलिसांनी विचारलं.

शेखररावांना तेवढीच फट सापडली. “ह्यांची! ह्या बेंजोवाल्यांची! मी सांगत होतो आवाज कमी ठेवा म्हणून. परवानगी काढायचं कामही ह्यांचंच. घ्या ह्यांना.”

“साहेब, खोटं बोलताहेत ते!” बेंजोवाला कळवळून म्हणाला. पण मांडवातलं एकही माणूस त्याच्या बाजूने बोललं नाही. जो तो यजमानाचा पाहुणा. पोलिसांनी नियमाप्रमाणे सामान जप्त करायला घेतलं. स्पीकर गेले, मिक्सर गेला, ॲम्प्लिफायर गेला, आणि त्याला वायरने जोडलेला बेंजोही गेला. बेंजोवाल्याचं नाव, नवनाथ, राहणार देवळा, हल्ली मुक्काम द्वारका, कागदावर चढलं. हळद पुन्हा सुरू झाली. मोबाईलवर गाणी लावून बायका नाचू लागल्या आणि शेखररावांनी फेटा सावरून व्याह्यांना पेढे दिले.

हिरव्या साडीतली बाई मात्र फुटपाथच्या कडेला बसली होती. तिचं नाव सविता, नवनाथची बायको. पोलिसांनी राहू दिलेला एक माईक तिच्या मांडीवर होता. ती त्याची वायर गुंडाळत होती, सोडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती.

“काय झालं हो वहिनी?” हर्षालीने विचारलं. तिला काय झालं ते माहीत होतं, तरी विचारलं.

“कोणीतरी फोन केला म्हणे. आमचा माणूस सांगत होता त्यांना, आवाज कमी ठेवू, कमी ठेवू. ऐकलं नाही. आता ऐन लग्नसराईत बेंजो कोर्टात अडकला. वाजवणाऱ्याचे हातच तोडले म्हणायचे.” सविताने पदराने डोळे पुसले. “ज्याने फोन केला त्याचं कधी बरं व्हायचं नाही.”

हर्षाली मागे सरली. ती स्कूटी काढून घरी आली.

घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं, जरा रंगवूनच सांगितलं. शेखररावांचा पडलेला चेहरा, पाहुण्यांचे मोबाईल, आपलं वाक्य. पुंजांनी कितीतरी दिवसांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. त्यांचे डोळे चमकले.

“असं बोललीस? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर!”

“लय बेस केलंस!” म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. मग थांबला. “न् बेंजो कोण वाजवत होतं?”

“होता एक देवळ्याकडचा. त्याचा बेंजो नेला पोलिसांनी.”

पुंजांचं हसू मावळलं.

“हर्षू, खोटं कशाला बोलू? त्या शेखरचं नाक कापलं, मला गोड वाटलं. पण नाक त्याचं न् रगत दुसऱ्याचं, ह्ये काय झालं? वाजवणाऱ्याचं वाद्य जातं तेव्हा काय होतं, ते तुला माझ्याकडं बघून कळलं नाय?”

त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. हर्षालीला वाटलं, कोणी आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर ती ज्योत्स्नाताईंसमोर बसली आणि तिने काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. फोन करायला मुद्दाम उशीर केला, तेही सांगितलं.

ताई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “लोक म्हणतात सूड आंधळा असतो. मला तो आळशी वाटतो. ज्याच्यावर उगवायचा तो उंचावर बसलेला असतो. तिथपर्यंत चढायचे कष्ट सूड घेत नाही. वाटेत जो हाताशी सापडेल त्याच्यावर उगवून मोकळा होतो. तू आवाज सुरू झाल्याबरोबर फोन केला असतास, तर कदाचित नुसती समज देऊन भागलं असतं. आणि तू पाहिलेलं खरं पोलिसांना सांगितलं असतंस, तर नाव शेखर देवरेचं लागलं असतं. तू काय केलंस? टोमणा मारलास आणि निघून आलीस!”

“मग आता मी काय करू, ताई? त्या माणसाला असंच सोडून देऊ?”

“सोडून दे असं मी म्हटलं कधी? मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, सरळ लढ. अन्याय करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणं वेगळं आणि जिरवणं वेगळं. जाब विचारताना आपल्यालाही उजेडात उभं राहावं लागतं. आधी त्या बेंजोवाल्याकडे जा. काय केलंस ते त्यांच्या तोंडावर सांग.”

हर्षाली द्वारकेला गेली. चौकामागच्या गल्लीत बँडवाल्यांची, बेंजोवाल्यांची दुकानं. एका गाळ्यात नवनाथ आणि सविता बसले होते. आतली जागा रिकामी होती, भिंतीवर नुसते खिळे. हर्षालीने बसायच्या आधीच सांगितलं, “तो फोन मी केला होता.”

सविता ताडकन उठली. रागाच्या भरात तिच्या तोंडी माहेरची बोली आली. “तूच शे का ती? आणि काल माझ्याजवळ येऊन विचारत होतीस, काय झालं म्हणून?”

“वहिनी, त्या माणसाने माझ्या वडिलांची पावरी फोडली होती. रस्त्यावर आपटून फोडली. मला त्याला धडा शिकवायचा होता.”

“मग शिकला का तो?” सविता तिच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. “तो पेढे वाटत होता, पाहिलंस ना? त्याने तुझ्या बापाची पावरी फोडली, तू माझ्या नवऱ्याचा बेंजो घालवलास. आता मी कोणाचं फोडू, सांग! ह्या गल्लीत माझ्याहून गरीब शोधू का कोणी?”

एवढे कायदे हर्षालीने वाचले होते, पण या प्रश्नाला उत्तर त्यांत कुठेच नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

शेवटी नवनाथ बोलला. “रडून बेंजो येत नाही, ताई. तुम्ही तिथे होतात. मी आवाज उतरवत होतो, हे पाहिलं होतं का?”

“पाहिलं होतं! माझ्याकडे शूटिंग आहे. तुम्ही आवाज कमी करताय, तो येऊन वाढवायला लावतोय, सगळं आहे.”

“ते त्याला नाचवायला काढलं होतं ना?” सविता कडवटपणे म्हणाली. “आता आमच्यासाठी दाखव.”

हर्षालीने ते दाखवलं. पण दाखवायचं म्हणजे जबाब द्यायचा, आणि फोन उशिरा का केला याचंही उत्तर द्यायचं. तिने तेही दिलं. पोलीस ठाण्यात ती मान खाली घालून, पण स्पष्ट म्हणाली, “माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता. मी मुद्दाम थांबले. पण शूटिंगमध्ये दिसतं ते खरं आहे.” ज्योत्स्नाताई नवनाथच्या बाजूने उभ्या राहिल्या. कार्यक्रम ज्याच्या घरचा, परवानगी न काढता स्पीकर लावले ज्याने, आवाज वाढवायला लावला ज्याने, त्या शेखर देवरेंचं नाव आरोपी म्हणून चढलं. बेंजो आणि बाकीचं सामान कोर्टाच्या हुकुमाने नवनाथला परत मिळालं. लग्नसराईचे बरेच दिवस मात्र हातचे गेले, ते काही परत मिळाले नाहीत. सविताने हर्षालीला माफ केलं का? तसं ती कधी म्हणाली नाही. पण पुढच्या खेपेला हर्षाली गेली, तेव्हा तिने चहा पुढे सरकवला.

आणि पुंजा? लेक ठाण्यात उभी राहून स्वतःची चूक कबूल करून आली, हे ऐकल्यावर म्हातारा खाटेवरून उठला. खाटेखालचं फडकं त्याने बाहेर ओढलं. “चल. माझं नाव बी लिहू दे कागदावर. पावरी माझी फुटली, मीच सांगतो.” त्या दिवशी पुंजा भोये पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढले. फुटक्या भोपळ्याचे तुकडे टेबलावर मांडून त्यांनी घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही की हात जोडले नाहीत.

मग चक्रं फिरली. दोन प्रकरणं अंगाशी आल्यावर शेखररावांचा ताठा उतरला. सोसायटीच्या सभेत लोकांनी विचारलं, ही पाटी कोणाच्या हुकुमाने लागली? शेखरराव समोरचे कागद चाळू लागले. तेव्हा त्यांचा मुलगा राज उभा राहिला आणि म्हणाला, “बाबांनी स्वतःच रंगवून घेतली. कोणाचाही हुकूम नव्हता. माझ्या हळदीत एका वाजवणाऱ्यावर खोटा आळ घेतला, त्याची लाज मला अजून वाटते.” पोटच्या पोराने भरसभेत असं बोलावं, याहून मोठी शिक्षा कोणती! आदल्या पिढीची मग्रुरी पुढची पिढी नाकारते, तेव्हाच ती खरी मोडते. पाटी उतरली. चेअरमन बदलला. शेखररावांनी पुंजांची माफी मागितली, पण ती मागताना ते त्यांच्याकडे पाहत नव्हते, झाडाकडे पाहत होते. हर्षालीला त्यांना खांदे धरून वळवावंसं वाटलं. तिने मुठी आवळल्या आणि सोडून दिल्या.

गावाकडून नवा भोपळा आला. पुंजांनी बसून नवी पावरी जोडली. ज्योत्स्नाताईंच्या सांगण्यावरून हर्षालीने रजनीगंधाच्या आणि आसपासच्या रहिवाशांशी बोलून घेतलं. स्पीकर नाही, दिवेलागणीला बंद, वाट अडवायची नाही, परीक्षेच्या दिवसांत बसायचं नाही. शहरात रस्त्यावर वाजवणाऱ्या कलावंतांना जागा आणि वेळ ठरवून द्यावी, असा अर्जही तिने टाईप केला. त्यावर पहिला अंगठा पुंजांचा आणि दुसरी सही नवनाथची. त्या अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे. तोवर तिचे हेलपाटे चालूच आहेत.

पुंजा झाडाखाली पुन्हा बसू लागले, त्यानंतरची ही गोष्ट. पावरी ऐन रंगात आली होती, माणसं जमली होती. तेवढ्यात समोरच्या इमारतीतून एक वयस्क बाई लगबगीने खाली आल्या. त्यांचं नाव मंगलाबाई. त्या थेट पुंजांकडे निघाल्या, आणि हर्षालीच्या डोक्यात पुन्हा तिडीक उठली. आली! आणखी एक आली! आमचं वाजवणं कोणाला बघवतच नाही! ती पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून पुढे झाली.

“काय पाहिजे?” तिने तडकून विचारलं.

मंगलाबाई दचकल्या. “काही नाही गं बाई. सून बाळंत होऊन आजच घरी आलीय. रात्रभर जागीच होती, आत्ता कुठे डोळा लागलाय. आजचा दिवस जरा थांबाल का, एवढंच विचारायला आले. एरवी मी गॅलरीत बसून रोज ऐकते हो.”

हर्षालीच्या तोंडात उत्तर तयार होतं. सगळ्यांशी बोलणं झालंय, ठरलेली वेळ आहे, स्पीकर नाही, नियम आमच्या बाजूने आहे! ते ती बोलणार, इतक्यात मागून पावरीचा सूर थांबला. पुंजांनी पावरी फडक्यात ठेवली होती आणि ते उठायला लागले होते.

“जा माय, निवांत जा. पोरीला निजू द्या. लेकरू काय झालं?”

“मुलगी,” मंगलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. “बारशाला या हं बाबा. तुमची पावरी घेऊनच या.”

त्या गेल्या. हर्षाली वडिलांकडे पाहत उभी राहिली. “बाबा, नियमाने आपण वाजवू शकत होतो.”

“शकत होतो की. पण तिनं इचारलं गं. त्यानं हिसकावली होती.” पुंजांनी तिच्या खांद्यावर हात टेकला. “इचारणाऱ्याला नाय म्हणायचं नसतं, न् हिसकावणाऱ्याला सोडायचं नसतं. दोन्ही ध्यानात ठेव.”

हर्षालीला लाज वाटली. ज्या आवाजासाठी आपण एवढं भांडलो, त्याच आवाजाखाली एका दमलेल्या बाळंतिणीची झोप चिरडायला आपण निघालो होतो! शेखर देवरेंच्या हातात काठी होती तेव्हा ते जसे वागले, तसंच आपल्या हाती काठी येताच आपणही वागणार होतो. सुडाचं बी किती खोल गेलं होतं, ते तिला त्या क्षणी उमगलं आणि तिने ते उपटून फेकलं.

नागरिक बंधुभगिनींनो, शहरातली शांतता आपल्या सगळ्यांची आहे, आणि शहरातलं गाणंही आपल्या सगळ्यांचं आहे. फुटपाथवरच्या पावरीला एक नियम आणि सोसायटीतल्या हळदीला दुसरा, असं जिथे चालतं तिथे कायदा नसतो, तिथे दांडगाई असते. अशा दांडगाईला जाब जरूर विचारा. निर्भयपणे, आपलं नाव लावून, उजेडात उभं राहून विचारा. पण सूड घ्यायला निघाल तर सांभाळा. सुडाचा घाव क्वचितच नेमक्या माणसावर बसतो, बहुतेक वेळा तो शेजारच्या गरिबावर बसतो. नियम दुसऱ्याला लावण्याआधी स्वतःला लावा, आणि शेजाऱ्याला काही हवं असेल तर आधी विचारा. विचारण्याला आवाज फार लागत नाही.